आडनावासकट ईमेल

अंबडच्या एका कारखान्यात मी नोकरीचे अर्ज चाळायचो. येवल्याच्या एका मुलीने अर्जावर स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहिलं होतं. ईमेलही त्याच दोन नावांचा. आडनाव कुठेच नाही. मला अर्धवट कामाची भारी चीड. फोन करून झापलंच तिला, “नोकरी हवी ना? मग आडनावासकट नीट ईमेल काढा.”

ती म्हणाली, “सर, आडनाव वाचलं की जात कळते. मग बोलावणंच येत नाही.”

“असलं रडगाणं इथे नको,” मी म्हणालो.

तासाभरात नव्या ईमेलवरून तिचा अर्ज आला. मी तो साहेबांपुढे ठेवला. त्यांचं बोट आडनावापाशी थांबलं. “जागा भरली म्हणून कळवा.”

जागा रिकामीच होती. मी कळवलं, तिच्या नव्या, नीट ईमेलवर.