मासिकाला तीट

कॉलेजच्या लायब्ररीत कपाटं पुसताना माझा हात एका कप्प्यापाशी थांबतोच. एकाच मासिकाचे अंक तिथे ओळीने उभे आहेत, डावीकडचे वहीएवढे बारीक आणि उजवीकडे येता येता विटेएवढे जाड. मला इंग्रजी येत नाही, म्हणून लायब्ररीच्या बाईंना विचारलं.

"कोळसा, काजळी असल्या काळ्या वस्तूंवर शोध लावणारे यात लिहितात. लिहिणारे वाढतायत, म्हणून अंक जाड होतोय."

कोळसा म्हटलं आणि मला दवाखान्यातला तो दिवस आठवला. माझ्या छोटीने सासऱ्यांच्या गोळ्या गिळल्या, तेव्हा तिला उचलून मी अनवाणीच दवाखान्यात पळाले होते. डॉक्टरांनी काळी पूड पाण्यात कालवून तिला पाजली.

"अहो, लेकराला कोळसा काय पाजताय!" मी ओरडले.

"औषधाचा कोळसा आहे, बाई. पोटातलं विष धरून ठेवतो."

पोरगी वाचली. अजूनही ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते.

म्हणजे कुठे कुठे बसून माणसं कोळशाचाच विचार करत होती, माझी पोर जन्मायच्याही आधीपासून. त्यांना कुठे ठाऊक होती ती?

आज नवा अंक आला, सगळ्यात जाड. सकाळी छोटीला तीट लावताना घेतलेलं काजळ बोटाला राहिलं होतं. ते मी अंकाच्या पाठीवर, खाली कोपऱ्यात, हळूच टेकवलं.

"अगं, पुस्तकाला तीट?" बाईंनी पाहिलंच.

"वाढतंय ना बाई. दृष्ट नको लागायला."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि तीट तशीच ठेवून त्या शेजारचा कप्पा पुसायला लागल्या.