पोचल्याची घंटी

माझी मुलगी घरी पोचली, हे मला रोज संध्याकाळी कळतं. पण ती पोचते तरी कुठून, हा प्रश्न आज दुपारपासून डोक्यातून जात नाही.

वेरेना व्हिएन्नात, मी इकडे गावी, झ्वेट्टलला. ती शिकायला गेली तेव्हाच ठरलं होतं: खोलीवर पोचलं की फोन एकदा वाजवून ठेवायचा. मी उचलायचा नाही. पुढे ती संशोधक झाली, लग्न झालं, तरी घंटी चालूच. कधी उशिरा यायची, कधी ती विसरायची. मग जावई, एमरिख, दुसऱ्या दिवशी फोनवर हजर. "सासूबाई, काल तुमची लेक हरवली नव्हती. नुसती गप्पा मारत होती!"

तिचं काम घड्याळांचं, डोळ्यांना न दिसणाऱ्या. एकदा उन्हाळ्यात आम्ही तिघं गोड गोळ्यांसाठी जर्दाळू पिठात गुंडाळत होतो, तेव्हा तिनं मला समजावलं. अतिसूक्ष्म चुंबकांची साखळी असते. एक उलटला की ते उलटणं लाटेसारखं पुढे पुढे सरकतं, गोल फिरतं.

"मग त्याला किल्ली कोण देतं?"

"फिरण्याला जवळजवळ खर्चच नाही, आई. खर्च एकाच दुव्यावर. तिथं ठोका पडतो, मग लाटेला मागे फिरता येत नाही. त्याचीच किंमत असते."

"आणि मध्येच डोकावलं तर?"

"बिघडतं. तुझ्यासारख्यांना तिथे मज्जाव आहे." एमरिख इतका हसला की पीठ त्याच्या नाकात गेलं.

या फेब्रुवारीत एमरिख डोंगरात कोसळत्या बर्फाखाली सापडून गेला.

मी तिच्याकडे राहायला निघाले होते. ती म्हणाली, "नको आई. रोज घंटी देईन. तू उलट फोन करू नकोस. कुणी विचारलं की मी विस्कटते." मी ऐकलं. तेव्हापासून घंटी एकदाही चुकली नाही. चर्चची संध्याकाळची घंटा थांबली की लगेच. मला वाटायचं, सावरतेय पोर.

आज दुपारी तिच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "वेरेना आमचा फोन उचलत नाही, म्हणून तुम्हाला त्रास देतेय. बरी आहे ना? ईस्टरपासून ती इकडे फिरकलेलीच नाही. घराबाहेरही पडत नाही म्हणे."

आता जुलै, जर्दाळू पिकलेत.

घराबाहेर न पडणारी मुलगी मला रोज कळवते, पोचले.

आजचीही घंटी येऊन गेली, वेळेवर. डोकावलं की बिघडतं, म्हणाली होती. बिघडू दे. मी आत्ता तिला फोन लावणार आहे, आणि ती उचलेपर्यंत वाजवत राहणार आहे.