उन्हाला आणलेली अक्का

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळे ऊनमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथंच राहिलं. तेवीस वर्षं ती ओल्या चादरी घेऊन गच्चीवर चढली आणि सुकलेल्या घेऊन उतरली. मधल्या वेळात तिनं ऊन पाहिलं.

गच्चीवर पाण्याची मोठी टाकी होती. दुपारी बाराला तिची सावली जिथं संपायची, तिथं मावशी एक रेघ ओढायची, चादरींवर वॉर्डाचा नंबर टाकायच्या निळ्या शाईनं. उन्हाळ्यात सावली टाकीच्या पायाशी अंग चोरून बसायची. हिवाळ्यात लांबत लांबत चौथ्या दोरीपर्यंत यायची, मग मावशी दोऱ्या सोडून पलीकडे बांधायची. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास मात्र आठ-दहा दिवस रेघेवर रेघ पडायची. सावली पुढे नाही, मागे नाही. मावशीला वाटायचं, सूर्यानं कुठंतरी ओझं खाली ठेवलंय, दम खातोय बिचारा. मग तीही जिना हळू उतरायची.

घरी अक्का होती, थोरली बहीण. आई गेल्यावर शिवणयंत्रावर पाय मारून मारून तिनंच मावशीला वाढवलं, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच पायांनी दगा दिला. तिची खाट आतल्या भिंतीशी, खिडकी दक्षिणेला. उन्हाळ्यात ऊन चौकटीपाशीच घुटमळायचं. थंडी पडू लागली की ते फरशीवरून आत सरकायचं, रोज थोडं थोडं, आणि सर्वांत लहान दिवशी अक्काच्या उशीवर येऊन टेकायचं.

"आज कुठवर आलाय पाहुणा?" अक्का विचारायची.

"दोन फरश्या राहिल्यात."

"येऊ दे सावकाश. मला कुठं जायचंय."

त्या वर्षी समोरच्या इमारतीवर दोन मजले चढले. ऊन नेहमीसारखं आत येत येत खाटेच्या पायापर्यंत पोचलं आणि एके दुपारी आलंच नाही. सूर्य खाली उतरला तो थेट नव्या भिंतीमागे. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. अक्कानं पाहुण्याची चौकशी सोडली. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, दोन घासांत तिचं पोट भरू लागलं.

मावशीच्या जिवाला घोर लागला. तिनं पैलवानाला गाठलं. पैलवान म्हणजे वॉर्डबॉय. वय पन्नाशीचं, अंग हँगरला अडकवलेल्या शर्टासारखं, पण पेशंट उचलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अक्काला गच्चीवर न्यायचंय," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"उन्हाला."

त्यानं डोकं खाजवलं. "गादी टाकतात तशी?"

"तशीच."

घर दोन गल्ल्या सोडून. सर्वांत लहान दिवशी सकाळी अकराला चाकाची खुर्ची निघाली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच, पुढचा जिना पैलवानाच्या पाठीवरून. निम्म्या पायऱ्यांवर मेट्रनबाई समोर उभ्या.

"कुठल्या वॉर्डची पेशंट?"

"कुठल्याच नाही, बाई. माझी बहीण आहे. उन्हाला आणलीय." खोटं बोलायचं मावशीला सुचलंच नाही.

मेट्रनबाई त्या लहानखुऱ्या, डोळे मिटून बिलगलेल्या म्हातारीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच्या आत खाली आणा. आणि कान बांधा त्यांचे, वारं आहे."

वर चादरींच्या पांढऱ्या भिंती हलत होत्या, आणि भिंतींतून ऊन आरपार येत होतं. त्यांच्या मधोमध अक्काला बसवलं. तिनं उन्हाकडे तोंड केलं. मग तळहात उताणे करून मांडीवर ठेवले, जणू त्यांत कुणी काही ओतत होतं.

"उद्यापासून दिवस मोठा ना गं?"

"हो. पण कळणार नाही इतकाच."

"मला कळेल," अक्का म्हणाली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. मावशीनं चादरी काढायचं काम लांबवलं. एक वाजून गेला, तरी मेट्रनबाई वर आल्या नाहीत.

त्यानंतर दर गुरुवारी अक्का गच्चीवर येऊ लागली. दोन आठवड्यांत तिची जीभही पूर्ववत झाली. "चादरी बघ कशा फाटल्यात, लाज नाही वाटत तुम्हाला?" म्हणत तिनं सुईदोरा मागवला. हॉस्पिटलला फुकटची शिवणारीण मिळाली, आणि मेट्रनबाईंनी तिच्यासाठी वर एक छत्री पाठवली.

मग ऋतू फिरला. सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी अक्कानं यायला साफ नकार दिला. "मला भाजून काढायचा विचार आहे का? संध्याकाळी ने." म्हणून तिघं साडेसहाला वर गेली. चादरी केव्हाच सुकल्या होत्या. आकाश पिवळं, मग गुलाबी, आणि दिवसाचं मावळायचं नावच नाही. मावशी घड्या घालत होती, पैलवान कठड्याला टेकून पेंगत होता.

अक्का उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. दोरा संपला तशी तिनं सुई डोळ्यांसमोर धरली, नवा दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच फटक्यात ओवला.

"अजून दिसतंय," ती म्हणाली, आणि पुढचा अभ्रा मागितला.