अक्का भुईवरून उठली

अक्का गेली त्याला आता दीड महिना होईल. दहाव्याला धुळ्याजवळच्या तिच्या गावी, तिच्याच अंगणात आम्ही बसलो होतो, तेव्हा तिच्या चुलत जावेने मला विचारलं, "भाऊ, अक्काना नावनं तुम्ही काय सोडतस?" आमच्याकडे ही रीत आहे. गेलेल्या माणसाला जे आवडायचं, ते आपण खायचं सोडायचं. मी म्हणालो, "काही सोडणार नाही. उलट दुप्पट खाईन." अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जळगावात जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, सख्खा धाकटा भाऊ, आणि बहिणीच्या दहाव्याला असं बोलतो! होय, बोललो. तेव्हा पुढचं सांगता आलं नाही, ते आज लिहितो.

अक्काने जन्मभर सोडण्याचंच काम केलं होतं. सासू गेली तेव्हा दही सोडलं. काशीला जाऊन आली ती दूध सोडून आली. दाजी गेले तेव्हा कळण्याची भाकरी सोडली, कारण ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ती भाकरी म्हणजे दाजींचा जीव की प्राण. राहिलेली कसर सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशीने भरून काढली. मुलगा सुरतेला, घरात ही एकटी. एकटीसाठी डाळ कोण शिजवत बसतो म्हणून चहा आणि भाकरी, चटणी आणि भाकरी... लोक कौतुकाने म्हणायचे, अक्काला काही लागत नाही. मीही म्हणायचो. आज त्या कौतुकाची मला चीड येते.

नऊ वर्षांपूर्वी ती घरापुढच्या ओट्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. साठी कधीच उलटली होती. मी तिला जळगावला आणलं, ऑपरेशन झालं, आणि मग आम्ही दोघा नवरा-बायकोने तिची जी सेवा मांडली ती काय सांगू! पाय जमिनीला लागू दिला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाशी नेला. खायला सगळं हलकं: साबुदाण्याची पेज, चहात बुडवलेला टोस्ट आणि केळं. केळ्यांच्या मुलखात आजाऱ्याला दुसरं काय देणार? दोन महिन्यांनी डॉक्टर घरी आले, त्यांनी चादर बाजूला केली आणि अक्काच्या मांडीला हात लावून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हाड मी जोडलं. पण हिच्या मांड्या तुम्ही दोघांनी खाल्ल्या."

मग त्यांनी मला विद्यार्थ्यासारखं उभं करून समजावलं. पायाला काम नसलं की त्यातलं मांस थोड्याच दिवसांत उतरायला लागतं, आणि म्हातारपणी तर ते आपणहून उतरतच असतं. ते परत हवं तर डाळ, उसळ, दूध, दही रोज पोटात गेलं पाहिजे, एकाच वेळी नाही तर प्रत्येक जेवणात; आणि पायाला रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त काम दिलं पाहिजे. नुसतं खाऊन भागत नाही आणि उपाशीपोटी व्यायाम करूनही भागत नाही. अक्का ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "म्हतारपनमा मांस परत येस का, डाक्टर?" ते म्हणाले, "येतं. सावकाश येतं, पण येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या बायकोला म्हणाली, "सुमन, आज कळनानी भाकर कर." मी मूर्खासारखा बोलून गेलो, "अक्का, दाजींच्या नावाने सोडली आहेस ना?" ती माझ्यावर अशी डाफरली की मी लहानपणी एरंडोलला तिच्या हातचा मार खायचो ते आठवलं. "त्यासनी माले उपाशी मर म्हनीसन सांगं का कधी?" पहिला घास तोंडात घातला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण भाकरी तिने पुरी खाल्ली, वर वाटीभर दही मागून घेतलं. ही बातमी गावी पोचली तेव्हा भाऊबंदांनी बोटं मोडली. मोडू देत! तिची मांडी त्यांनी पाहिली नव्हती.

तेवढ्यात भाचा सुरतेहून आला. दिवाळीनंतर गावच्या घराला कुलूप लावून आईला घेऊन जायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. पोरगा वाईट नाही, काळजीपोटीच बोलत होता. पण अक्काला ते घर म्हणजे सगळं काही. ती त्याला म्हणाली, "दिवायीले ये. भुईवरनी कोनाना हात न धरता उठनू, तं मन्हं घर. नही उठनू, तं तुन्हं सुरत."

मग सुरू झालं. आधी पलंगाच्या कडेवर बसून पाय सरळ करायचा. मग खुर्चीवरून उठायचं, दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. खुर्ची जमली की स्टूल. स्टूल जमलं की पाटाखाली चार विटा, मग तीन, मग दोन... दर आठ-दहा दिवसांनी ती एक वीट काढायला लावायची. एकदा मागे कोलमडली, मी धावलो, तर ओरडली, "दूर ऱ्हाय!" मी दूर राहिलो. आयुष्यात तिच्यासाठी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच.

दिवाळीत भाचा आला. आम्ही सगळे भुईवर जेवायला बसलो. हात धुऊन झाल्यावर अक्का पहिल्यांदा उठायला गेली आणि परत बसली. भाच्याचा हात पुढे झाला, तो मी धरून ठेवला. ती कुशीवर वळली, एक गुडघा टेकला, तळवा जमिनीवर दाबला, आणि उठली. सरळ उभी राहिली. हात तर लावलाच, अशी खोट काढत भाचा हळूच म्हणाला, "आई, हात तं लावा." अक्का म्हणाली, "भुईले लावा. तुले नही लावा." चौथ्या दिवशी ती धुळ्याच्या गाडीत बसली.

जवळजवळ नऊ वर्षं ती त्या घरात स्वतःच्या पायांवर राहिली. चार दिवसांचा ताप आला आणि गेली. तेराव्यानंतर भाचा तिची खाट कोणाला तरी देऊन टाकावी म्हणून शोधायला लागला, तर घरात खाटच नव्हती. शेजारीण म्हणाली, "खाट तं तिनी कवयच दी टाकी. म्हने, रोज सकायले भुईवरनी उठसू." कोपऱ्यात नुसती गुंडाळलेली सतरंजी होती.

जळगावला आल्यावर मी माझी खाट गच्चीवर नेऊन टाकली आणि भुईवर सतरंजी अंथरली. सुमन म्हणते, या वयात हे काय खूळ. महिनाभर उठताना टेबलाचा पाय धरावा लागला. काल नाही धरला.