मागच्या खोलीतले चार पॉइंट पस्तीस अँपिअर

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी उठून चहा ठेवायला जाणारा माणूस आहे. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये आयुष्य गेलं... जे मीटरवर दिसत नाही ते नाही, असं माझं साधं गणित. पण गेल्या जानेवारीत जे झालं, ते मीटरवरच दिसलं. म्हणून लिहितोय.

आम्ही जबलपूरला नेपियर टाउनमध्ये राहतो, मी आणि बायको सुनंदा. मागची खोली माझ्या थोरल्या बहिणीसाठी तयार केली होती. भाऊजी गेल्यावर ताई सिहोऱ्याला एकटीच राहायची. मी म्हटलं, इकडे ये. ती म्हणाली, "मी काहून येऊ? माझं घर आहे ना इथं." शब्दाला शब्द वाढला आणि मी बोलून गेलो — "मग मर तिथंच एकटी!" त्यानंतर आठ महिने फोन नाही. ना तिचा, ना माझा.

खोली बंदच होती. तिथे गीझर लावून पाहुण्यांना देऊ, असं सुनंदाच्या मनात आलं. तार भार सोसेल का ते बघायला मी एका सकाळी बोर्ड उघडला आणि खोलीकडे जाणाऱ्या तारेला क्लॅम्प मीटर लावला. तार नुसती मीटरच्या चिमट्यात धरायची, करंट दिसतो. शून्य दिसायला हवं होतं. खोलीत एक बल्बसुद्धा नव्हता.

दिसलं ४.३५.

मीटर बदलून पाहिला. तेच. सॉकेटमध्ये व्होल्टेज बरोबर २३०. सवयीनं कागदावर मांडलं: २३० भागिले ४.३५ — रेझिस्टन्स त्रेपन्न ओहम. २३० गुणिले ४.३५ — पॉवर हजार वॉट. म्हणजे हजार वॉटचं काहीतरी त्या रिकाम्या खोलीत चालू होतं! आणि बाहेरच्या सरकारी मीटरवर त्या भाराचा पत्ताच नव्हता.

सात पस्तीसला आकडा आपोआप शून्य झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. सात दहाला सुरू, सात पस्तीसला बंद. आठवडाभर हेच. सुनंदा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "हजार वॉट म्हणजे पाणी तापवायचा रॉडच ना? ताई अजून रॉडवरच तापवतात, अर्धी बादली."

मी हसलो. "सिहोरा चाळीस किलोमीटर आहे, बाई."

पण ते मनात बसलं, खरं सांगतो. रोज सकाळी मी बोर्डापुढे स्टूल टाकून बसायचो. आकडा आला की वाटायचं... उठली ताई. फोन मात्र केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

मग तो मंगळवार. सात दहाला ४.३५ आलं. सात पस्तीस झाले, पावणेआठ झाले, आठ. आकडा हलेना. सुनंदा शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, फोन लावा."

लावला. आठ महिन्यांनी. रिंग वाजत राहिली, वाजतच राहिली.

मी मोटरसायकल काढली. सुनंदाला म्हटलं, "मीटरवरून नजर काढू नकोस." वाटेत धुकं होतं, बोटं गारठली होती आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं — मीच बोललेलं.

नऊ दहाला पोचलो. शेजारची बाई ओसरीत होती. "भैया, दीदी तो आज दिखीं ही नहीं!" दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाथरूममध्ये वाफच वाफ. बादलीतलं पाणी खळाखळा उकळत होतं आणि भिंतीला टेकून ताई ओल्या फरशीवर बसलेली, उजवा पाय वाकडा. घसरून पडली होती. बटण उंचावर, तिथवर हात पोचेना, आणि फोन बाहेर खाटेवर.

मी आधी बटण बंद केलं. खिशातला फोन लगेच वाजला. सुनंदा होती. "अहो... शून्य झालं. आत्ता, या घडीला!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते, पण आवाज तोच.

"किती उशीर केला रे बंडू. केव्हाची हाका मारून राहिली मी तुला."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. तिचे पाय मांडीवर घेतले आणि लहान मुलासारखा रडलो. माफी मागायची होती मी. तीच माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "चलो, उठ आता. डॉक्टरकडे ने मला."

घोट्याला प्लास्टर लागलं. ती आमच्याकडे आली आणि प्लास्टर निघाल्यावरही परत गेली नाही. मागच्या खोलीत आता खराच गीझर आहे. त्या तारेवर जे लावू तेवढंच दिसतं, जास्त काही नाही.

जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. कोणी म्हणालं शेजारच्या तारेचं इंडक्शन, कोणी म्हणालं भिंतीत करंट गळतोय, लीकेज, एकानं मीटरच खराब ठरवला. मी तिन्ही कारणं तपासून पाहिली, एकही बसत नाही.

परवा ताईला विचारलं, त्या सकाळी किती वेळा हाक मारलीस?

"हाका काय मोजायच्या असतात का रे?" म्हणाली, आणि मटार सोलत बसली.

मला अजूनही कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा... नाही सांगितलंत तरी चालेल.