दोराचा डोळा

वाणगावच्या बाजारात एका दुकानाबाहेर काथ्याच्या दोरांची वेटोळी ठेवली होती. ओल लागून त्यांना वास सुटला होता. त्या वासासरशी मी बारावीतली मुलगी होऊन वरोरच्या आमच्या पडवीत जाऊन बसले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबा होडीचा दोर सांधत होते आणि मी डीएनएचा धडा मोठ्यानं घोकत होते. एकमेकांना पीळ घातलेले दोन पदर सुटतात, प्रत्येक जुन्या पदरावर नवा पदर तयार होतो, आणि एकाचे दोन होतात.

“पण सुटायला लागतात कुठून?” बाबांनी विचारलं.

“टोकाकडून,” मी ठोकून दिलं.

“एवढा लांब दोर टोकाकडून कोण सोडत बसेल?” त्यांनी दोर मधेच दोन्ही हातांत धरून उलटा पिळला. पदर फाकले, डोळ्यासारखी फट पडली. “असा मधे उघडायचा. मग दोन्हीकडे सरकायचं.”

“बाबा, हे शास्त्र आहे, होडीचा दोर नाही.”

त्यांनी हात सैल केले, तशी फट मिटली.

दुसऱ्या दिवशी डहाणूच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर आकृती काढली: ठरलेल्या जागी, मधेच उघडलेला डोळा आणि दोन्हीकडे निघालेले बाण.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “आज काय शिकवलं?”

“कालचंच,” मी म्हणाले.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानापुढे मी दोर मधेच धरून उलटा पिळत उभी होते.

दुकानदार म्हणाला, “ताई, टोक इकडे आहे.”