अक्का गाडीतून उतरणार नाहीत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की डोक्यावर पडतात.

मला तर नकोच होते. तीस वर्षं धुळ्यातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत फोनपाशी बसून काढली. फोन वाजला की पलीकडे ड्रायव्हर, आणि त्याच्या तोंडी एकच वाक्य, "आबा, गाडी बंद पडली." निवृत्त झालो त्या दिवशी बायकोला म्हणालो, "बंद पडलेल्या गाडीशी आपला संबंध संपला."

सहा महिन्यांत आमच्या कॉलनीतल्या नानांनी गाडी घेतली!

*

गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. नानांचं बी-बियाण्याचं दुकान आता मुलगा बघतो, त्यामुळे नानांना वेळच वेळ. त्यांनी व्हॅनमधले बाक काढले, पलंग टाकला, ओटा केला, बेसिन बसवलं आणि मागच्या कोपऱ्यात दार-कडीसकट कमोड बसवला. परदेशात म्हणे असलं चाकांवरचं घर घेऊन म्हातारा-म्हातारी जग फिरतात. आमच्या अक्कांनी त्या घराचं नाव ठेवलं 'बिऱ्हाड'.

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. माहेर नरडाण्याचं. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चार वर्षांपूर्वी पारोळ्याला एका लग्नाला जाताना भाड्याची जीप बंद पडली. सगळे उतरले, अक्कांनाही उतरवलं. त्यांना खाली बसता येईना, उभं राहवेना, आडोसा कुठे नाही, येणारा-जाणारा बघतोय. असे तीन तास! त्या दिवसापासून अक्का कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत.

सुरतला उधन्यात त्यांची धाकटी बहीण शकू अर्धांगवायूने खाटेवर पडून आहे. ती रोज मोबाईलवर तोंड दाखवते आणि विचारते, "कव्हय येशी?" कधी येशील! अक्का मोबाईल उलटा ठेवतात आणि पदर डोळ्यांना लावतात. मी समोर बसलेलो असतो. फार वाईट वाटतं.

कमोडवाली गाडी आली तेव्हा अक्का उधन्याला जायला तयार झाल्या, पण एका अटीवर. "गाडी बंद पडनी तरी मी खाले उतरनार नही. मी मझारच बठसू." म्हणजे काय वाटेल ते होवो, मी आतच बसणार.

त्या एका अटीपायी आमचे तीन महिने गेले.

*

रोज संध्याकाळी नानांच्या फाटकाबाहेरच्या बाकावर आम्ही चौघं बसतो. नाना, मी, अहिरे सर आणि बापू. बापू आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवायचे. गाडी बंद पडली तर रस्त्यावर मदत पाठवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचा वर्षाचा प्लॅन घेऊन टाकू, असं मी म्हणालो मात्र, बापू ताडकन उठले.

"मी गाडीत असताना परका माणूस इंजिनाला हात लावणार? मग मी काय पोळ्या लाटायला येऊ?"

नाना म्हणाले, "बरं बुवा, तुम्ही बघा."

बापू पान्यांची पेटी घेऊन बिऱ्हाडात शिरले. त्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला, आतूनच उघडायचं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून नुसते ठोकाठोकीचे आवाज. बापू इंजिन शोधतायत! मग एकदम आरोळी आली, "नाना, इंजिनावर कडप्पा कोणी बसवला?"

नाना शांतपणे म्हणाले, "मिस्तरी म्हणाला, पुढे चांगली सपाट जागा आहे. अक्कांना बसल्या बसल्या भाजी चिरता येईल."

कडप्पा सिमेंटने पक्का केलेला. त्याला बेसिन जोडलेलं, बेसिनला पाइप, पाइपला टाकी. इंजिन उघडायचं तर आधी स्वयंपाकघर मोडायचं! बापूंनी पेटीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आबा, लावा फोन."

*

फोन मीच लावायचा हे कधी ठरलं, ते मला अजून कळलेलं नाही. तीस वर्षांची सवय बघून सगळ्यांनी गृहीत धरलं असावं.

पहिल्या कंपनीतला पोरगा फार गोड बोलायचा. "सर, गाडीचा प्रकार सांगा. कार, टू-व्हीलर की ट्रक?"

मी म्हटलं, "तसं घर आहे. आत पलंग आहे."

"ॲम्ब्युलन्स का सर?"

"नाही. गॅसची शेगडीही आहे."

"अच्छा, फूड ट्रक!"

"अहो, मागे संडास आहे."

पलीकडे कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही नगरपालिकेला फोन करा ना!"

*

अहिरे सर हेडमास्तर होते. न वाचता सही करणारा माणूस त्यांना सहन होत नाही. एका प्लॅनचे नियम त्यांनी छापून आणले, लाल पेनाने तपासले, समासात शेरे मारले आणि त्या कंपनीच्या एजंटला बाकावर बोलावून घेतलं. एजंट आला, सरांना बघितलं आणि जागच्या जागी थबकला. सरांचाच विद्यार्थी!

सरांनी त्याची तासभर तोंडी परीक्षा घेतली. घाटात गाडी अडकली तर कोण येणार? रात्रीची मदत म्हणजे किती वाजेपर्यंत? टाकीत पाणी भरलेलं असेल तर? तो एकेका प्रश्नाला खाली बघत होता. मला त्याची कीव येत होती, पण उठून जायचाही कंटाळा आला होता.

शेवटी सर चष्मा काढून म्हणाले, "बाळा, खरं सांग. हे तू एकदा तरी वाचलं आहेस का?"

तो म्हणाला, "सर, खरं सांगू? तुमच्या तासालाही नव्हतं वाचलं."

*

अक्कांचा प्रश्न मात्र प्रत्येक फोनला ठरलेला. मी बोलत असलो की त्या आतून ओरडायच्या, "त्यासले इचार, गाडी उचलतीन तव्हय मी मझार बठू का?" गाडी उचलून नेताना मी आत बसले तर चालेल का! मी विचारायचो. उत्तर यायचं, "नाही सर. टोइंगच्या वेळी वाहनात एकही प्रवासी चालत नाही." पाच कंपन्या झाल्या, पाचही ठिकाणी हेच.

मग अक्का म्हणाल्या, "तुमले बोलताच येस नही. दे माले."

आणि त्यांनी फोन घेऊन पलीकडच्या माणसाला पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तुनं गाव कोनतं?"

अक्कांची ही जुनी रीत. दूधवाला असो, डॉक्टर असो, आधी गाव, मग आईचं माहेर, मग आडनाव. दहा मिनिटांत त्या कुठलं तरी नातं काढतात, आणि नातं निघालं की समोरच्याची नाही म्हणायची सोय संपते. या रीतीने त्यांनी सिव्हिलमध्ये खाट मिळवलेली आहे.

पलीकडचा म्हणाला, "नोएडा, मॅडम."

अक्कांनी फोनवर हात ठेवला आणि नानांना विचारलं, "नोएडामा आपलं कोनी शे का?"

नानांनी खरोखर विचार केला. "नही," म्हणाले.

अक्कांनी फोन मला परत दिला. त्या दिवशी त्या बाकाजवळ आल्या नाहीत. उधन्याहून शकूमावशीचा फोन वाजत राहिला, तोही त्यांनी उचलला नाही. मला वाटलं, गेलं. आता बिऱ्हाडाचं कोंबड्यांचं खुराडं होणार.

*

शेवटी सहाव्या कंपनीचा प्लॅन घेतला. कारण काही विशेष नाही. त्या कंपनीतली मुलगी 'नाही' म्हणण्याआधी थोडा वेळ थांबली होती, एवढंच. अहिरे सरांनी तेवढ्यावर तिला पास केलं.

त्या प्लॅनमध्ये वर्षातून तीनदा मदत बोलावता येते. दुसऱ्याच दिवशी सकाळी नानांच्या फाटकात कंपनीचा मेकॅनिक उभा! घामाघूम. "कुठे बंद पडली गाडी?"

नाना म्हणाले, "पडली नाही. तुम्ही येता का ते बघितलं. बी पेरायच्या आधी मूठभर उगवून बघतो की नाही आपण? या, चहा घ्या."

मेकॅनिकने चहा घेतला आणि जाताना कागदावर लिहिलं, 'तीनपैकी एक झाली.'

*

आणि आम्ही निघालो. कंपनी काही म्हणो, आपण उतरायचं नाही ते नाहीच, असं बजावून अक्का गाडीत बसल्या. बापू चालवायला, शेजारी नाना, मागे अहिरे सर आणि मी, पलंगावर अक्का. साक्री गेलं, कोंडाईबारीचा घाट गेला, नवापूर गेलं. बिऱ्हाड काही कुरकुरलं नाही. अक्का खिडकीतून बघत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा गावाबाहेर पडलेलं माणूस कसं बघतं, ते मी त्या दिवशी बघितलं. शकूमावशीला त्यांनी फोन करून सांगितलं, "ऊनू वं बहीन, ऊनू!" आले गं आले!

बारडोलीच्या पुढे गाडी बंद पडली.

बापूंनी कडप्प्याकडे बघितलं, कडप्प्यावर अक्कांनी ठेवलेल्या चहाकडे बघितलं, आणि पान्यांची पेटी पायाने सीटखाली सरकवली. मी फोन काढला. तीस वर्षं जे वाक्य ऐकलं, ते त्या दिवशी मी स्वतः म्हणालो, "गाडी बंद पडली."

तासाभराने सपाट पाठीचा मोठा ट्रक आला. ड्रायव्हर चाळिशीचा, उन्हाने वैतागलेला. उतरल्या उतरल्या ओरडला, "चलो, सब नीचे उतरो! अंदर एक भी आदमी नहीं चाहिए."

आम्ही चौघं उतरलो. अक्का उठल्या, मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि आतून कडी लावली.

ड्रायव्हर दारावर थाप मारून म्हणाला, "माँजी, बाहर आओ. कंपनी का रूल है."

आतून कडी आणखी घट्ट सरकवल्याचा आवाज आला. नाना खाली बघत होते. बापू रुमालाने हात पुसत होते, हात स्वच्छ असूनही. मला पारोळ्याचा तो रस्ता आठवला. उधना तासाभरावर होतं. तिथे खाटेवर एक बाई दाराकडे डोळे लावून पडली होती, आणि ही इथे कडी लावून बसली होती.

मग आतून अक्कांचा आवाज आला. थकलेला, बारीक. "बाबा, तू कोना पोऱ्या? तुनं गाव कोनतं?"

ड्रायव्हरचा दारावरचा हात तसाच राहिला. एकदम हिंदी सोडून अक्कांच्याच बोलीत म्हणाला, "मी उधनाले ऱ्हास. पन मनं मामानं गाव नरडाणा."

अक्कांचं माहेर! कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. "कोना भाचा तू?"

त्याने मामाचं नाव सांगितलं. अक्कांनी विचारलं, "मारुतीना पारजवळ घर?" तो म्हणाला, "हां, तठेच." अक्कांनी दार पूर्ण उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुनी माय आनि मी एकच शाळामा व्हतूत रे."

 पायांतल्या चपला काढून तो बिऱ्हाडात चढला, अक्कांना हाताला धरून पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली, खिडकी लावली. मग खाली उतरून एकट्याने बिऱ्हाड ट्रकच्या पाठीवर चढवलं आणि चारही चाकं बांधून दोन-दोनदा ओढून बघितली. आम्हाला पुढे आपल्या शेजारी कोंबलं.

ट्रक सुरू करणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचाच होता. त्याने स्पीकर लावला.

"गाड़ी उठा ली?"

"उठा ली साब."

"ड्रॉप सीधा वर्कशॉप?"

"हां साब. उधना की एक गली से होके."

पलीकडचा काहीतरी लिहीत असावा. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला, "गाड़ी में कोई पॅसेंजर तो नहीं है ना?"

ड्रायव्हरने आरशात मागे बघितलं. वर, बिऱ्हाडाच्या खिडकीत, अक्का मोबाईल कानाला लावून हसत होत्या.

"पॅसेंजर कोई नहीं साब," तो म्हणाला. "मावशी है."